जूलिया मावशी नक्की कोणावर चिडली आहे? (नॉर्मन मकेगच्या कवितेबद्दल)

क्लाइडकाठची

आमच्या लेकीला नॅशनल ५ ला (म्हणजे साधारण आपल्या दहावीच्या वयाची इथली, स्कॉटलंडमधली परीक्षा) नॉर्मन मकेग या स्कॉटिश कवीच्या कविता होत्या. तिचे मार्क आले, तिच्यापुरता विषय संपला, माझा संपेना. त्यातली 'आँट जूलिया' डोक्यातून जात नाही. कविता प्रताधिकारात आहे, त्यामुळे पूर्ण इथे टाकत नाही, गोषवारा सांगते.

मकेग एडिनबरात जन्मला, १९१० साली. आई हॅरिस बेटाला लागून असलेल्या स्काल्पे नावाच्या छोट्या बेटावरची. लहानपणी तो आईच्या माहेरी जायचा. तिथली ही जूलिया मावशी. ती गॅलिक (स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली आणि बेटांवरची जुनी भाषा) बोलते, तेही मोठ्यांदा आणि भराभर. याला उत्तर देता येत नाही, कळतही नाही. ती पुरुषी बूट घालते, घातलेच तर. पीटने (दलदलीतली काळी माती, वाळवून जाळतात ती) माखलेला तिचा भक्कम पाय चरख्याच्या पायट्यावर, आणि उजवा हात हवेतून सूत ओढतोय. तिच्या घरी हा लाकडी कपाटासारख्या बंद पलंगात मिट्ट काळोखात झोपायचा, रातकिडे ऐकत. मग एक कडवं नुसतं 'ती म्हणजे अमुक, ती म्हणजे तमुक' असं: बादल्या, घराच्या कोपऱ्यांवरून वाहणारा ओला वारा, तपकिरी अंडी, काळे घागरे, चहाच्या किटलीत साठवलेली तीन पेनीची नाणी. शेवटी पहिल्या दोन ओळी पुन्हा येतात. याला थोडंफार गॅलिक येईपर्यंत ती लस्केंटायरच्या रेताड थडग्यात गेलेली. तरी तिची हाक त्याला अजून ऐकू येते, समुद्रपक्ष्याच्या आवाजात, शंभर यार्डांवरून. आणि चिडणं, चिडणं, आणि उत्तर न मिळालेले कितीतरी प्रश्न.

शाळेच्या नोट्समध्ये लिहिलंय की हा कवीचा स्वतःवरचा वैताग आहे, हातून निसटलेल्या वारशाची खंत आहे. मला ते पटत नाही. मला तर म्हातारीच चिडलेली दिसते. तुम्हाला काय वाटतं?

---

बोरूबहाद्दर

भाचा एवढा बोटीत बसून येणार, तिच्याकडची अंडी खाणार, आणि विचारलेल्या एका प्रश्नाला उत्तर नाही. चिडणार नाही तर काय औक्षण करणार?

---

माजी_मास्तर

बोरूबहाद्दर थट्टेत बोलले, पण त्यांचं बरोबर आहे असं माझं मत. सुरुवातीचा क्रम बघा. कवी आधी म्हणतो, मला तिला उत्तर देता येत नव्हतं. मग म्हणतो, मला ती समजत नव्हती. कोणीही सरळ लिहिताना उलटं लिहील: समजलं नाही, म्हणून उत्तर दिलं नाही. यानं उत्तर आधी ठेवलंय. म्हणजे पोराला पहिल्यांदा जाणवलं ते हे, की समोरची बाई काहीतरी विचारते आहे आणि ती थांबली आहे. शेवटचे अनुत्तरित प्रश्न तिथूनच आलेले आहेत. प्रश्न तिचे, राग तिचा.

नोट्सवाले कवीच्या खंतीवर येतात कारण परीक्षेत 'विषयसूत्र' लिहायचं असतं. मी पस्तीसेक वर्षं पेपर तपासले, मला हा आजार माहीत आहे.

---

रानजाई

मास्तर, असहमत. शेवटी "तिला अजून ऐकतो" म्हणणारा कोण आहे? तोच. मेलेली बाई चिडत नाही, ऐकणारा तिला चिडलेली ऐकतो. प्रश्न त्याचे आहेत, मोठेपणी सुचलेले. तुझं लग्न का झालं नाही (झालं होतं का नव्हतं, कवितेत कळतच नाही), ही नाणी कशासाठी साठवतेस, आईचं लहानपण कसं होतं. भाषा आली तेव्हा विचारायला माणूस नाही. राग त्याचाच, फक्त तोंड तिचं.

---

शेवग्याची_शेंग

वाचतेय. चहाच्या किटलीत नाणी! आमच्याकडे डाळीच्या डब्यात असायची.

---

पेळू

अवांतर वाटेल, पण मी हौशी सूतकताई करते, आणि ते चरख्याचं कडवं वाचून उडाले. आपल्याकडच्या पेटी चरख्यावर एक हात चाक फिरवण्यात अडकतो. तिकडचा लोकरीचा चरखा पायाने चालतो, त्यामुळे दोन्ही हात मोकळे. पिंजलेल्या लोकरीचा पेळू एका हातात सैल धरायचा आणि दुसऱ्याने धागा सोडवत न्यायचा. पेळू पिंजलेला नीट असेल तर तो इतका विरळ असतो की चार हातांवरून दिसतच नाही. अंधाऱ्या घरात, पीटच्या धुरात, एका पोराला तो दिसणार नाहीच. त्याला दिसतो फक्त हात, आणि त्या हातातून वाढत जाणारं सूत. तेव्हा 'हवेतून ओढलं' ही कल्पनेची भरारी नाही हो, त्याला खरंच तसं दिसलं असणार.

पायाचंही तसंच. तो आधी पाय बघतो. लहान मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर पायच येतो.

---

उंटावरचा_शहाणा

सगळं गोड आहे, पण मला एक सांगा, 'हरवलेला गॅलिक वारसा' या कवितेत आहे कुठे? एक ओळ दाखवा. मुलगा आहे, मावशी आहे, अंडी आहेत. वारसा, संस्कृती, अस्मिता हे शब्द मास्तर लोक बाहेरून चिकटवतात. उद्या माझ्या काकूवर मी दोन ओळी लिहिल्या तर त्यातही 'लोप पावणारी कोकणी संस्कृती' शोधाल. काकू अजून ठणठणीत आहे, आणि व्हॉट्सॲपवर माझ्यापेक्षा जास्त असते.

---

बोरूबहाद्दर

उंटराव, काकूचा नंबर नको पण व्हॉट्सॲप स्टेटस वाचायला आवडेल.

---

क्लाइडकाठची

उंटावरचा_शहाणा, ओळ दाखवते. शेवटून पाचव्या-सहाव्या ओळींच्या आसपास. लस्केंटायरचं रेताड थडगं, आणि पुढे पीट खणल्याच्या खुणा आणि 'लेझीबेड्स'.

आम्ही हॅरिसला गेलो होतो. बेटाच्या दोन बाजू म्हणजे दोन वेगळे देश वाटतात. पश्चिमेला पांढरी वाळू, हिरवट निळं पाणी, वाळूवर उगवलेलं मऊ गवत. लस्केंटायर तिकडे आहे, पर्यटकांच्या फोटोत असतं ते. पूर्वेला नुसता करडा खडक, त्यात डबकी. गाडीतून बघताना लेक म्हणाली, इथे माणसं राहिलीच का? राहिली, कारण त्यांना तिकडे ढकललं. एकोणिसाव्या शतकात पश्चिमेच्या चांगल्या जमिनीवरची गावं उठवून तिथे मेंढ्या घातल्या, आणि माणसं पूर्वेच्या खडकावर गेली, किंवा परदेशी.

त्या खडकावर माती नव्हती. मग लोकांनी माती केली. बायका पाठीवरच्या करंड्यांतून किनाऱ्यावरचं शेवाळ वाहून आणायच्या, त्यात पीट मिसळून खडकावर लांबट वाफे रचायचे, मधे पाणी निचरायला चर, आणि त्यावर बटाटे. तेच लेझीबेड्स. आज तिथे कोणी काही पेरत नाही, पण संध्याकाळचं तिरपं ऊन आलं की डोंगराच्या अंगावर ते वाफे अजून बरगड्यांसारखे उमटतात. बघून छातीत कसंतरी होतं.

आणि माणूस मेला की त्या खडकात खड्डा खणता येत नव्हता. म्हणून पूर्वेचे लोक शवपेटी खांद्यावर घेऊन डोंगर ओलांडून पश्चिमेला यायचे, वाळूत पुरायला. ती वाट अजून आहे, लोक तिच्यावरून हौसेने चालतात, 'कॉफिन रोड' म्हणतात. म्हणजे जी जमीन जिवंतपणी काढून घेतली तिथे परत जागा मिळायची ती मेल्यावर.

मावशी स्काल्पेची, पूर्वेकडची. आणि थडगं लस्केंटायरला. मकेगने हे काहीच समजावून सांगितलेलं नाही, फक्त गावाचं नाव घेतलंय. तिथल्या वाचकाला पुरेसं आहे.

---

खाडीपलीकडे

काटा आला. 'रेताड' हा शब्द मी नुसतं वर्णन म्हणून वाचून पुढे गेले होते.

---

सातबारा

क्लाइडकाठची, जमिनीचा विषय काढलात तर मी आलोच. हॅरिस १८३४ मध्ये डनमोरच्या अर्लने विकत घेतलं. त्याच्याच घराण्यातल्या लेडी डनमोरने पुढे १८४० च्या दशकात तिथल्या बायकांनी विणलेलं ट्वीड (लोकरीचं जाड कापड) आपल्या श्रीमंत मित्रमंडळीत खपवायला सुरुवात केली, हॅरिस ट्वीडचं नाव तिथून झालं.

आता खरी गंमत. हॅरिस आणि लुईस ही नावं दोन असली तरी बेट एकच. लुईसचा भाग १८४४ मध्ये जेम्स मॅथेसनने घेतला. हा जार्डिन मॅथेसन या व्यापारी कंपनीतला मॅथेसन. पैसा कसला? चीनला अफू विकून मिळवलेला. आणि त्यातली माळव्याची अफू कुठून जहाजात चढायची? आपल्या मुंबईतून. जार्डिनचा मुंबईतला भागीदार-मित्र कोण? सर जमशेटजी जीजीभॉय. जे. जे. हॉस्पिटलवाले. मॅथेसनने लुईसवरच्या स्टोर्नोवे गावी किल्लेवजा वाडा बांधला, दुष्काळात धान्यही वाटलं, आणि १८५० च्या दशकात दोन हजारांवर कुळं-माणसं कॅनडाला रवाना केली. तिकीट त्याचं, निवड बहुतेकांना नव्हती.

म्हणजे माळव्यातला अफूवाला शेतकरी, फोर्टातली पेढी आणि गॅलिक बोलणारं बेट हे सगळं एका हिशेबाच्या वहीत आहे.

---

शेवग्याची_शेंग

मी कवितेचा धागा म्हणून उघडला होता, आता मला भूमी अभिलेख कार्यालयात बसल्यासारखं वाटतंय. 😀 पण थांबू नका.

---

पेळू

ट्वीडबद्दल एवढंच: १९९३ च्या कायद्यानुसार आउटर हेब्रिडीजच्या (हॅरिस-लुईस ज्यात येतात तो बेटांचा समूह) रहिवाशाने स्वतःच्या घरी हातमागावर विणलेलं असेल तरच त्याला हॅरिस ट्वीड म्हणता येतं. सूत मात्र आता गिरणीत कातलं जातं. म्हणजे जूलिया मावशीचं विणणं कायद्यानं राखलं, कातणं गेलं.

---

माजी_मास्तर

उंटावरचा_शहाणा यांना अजून एक मुद्दा. मकेग एडिनबरा विद्यापीठात शिकला. विषय कोणता? अभिजात भाषा. लॅटिन आणि ग्रीक! दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन माणसाशी हा बोलू शकत होता, सख्ख्या मावशीशी नाही. हे त्याच्या आळसामुळे नव्हे. १८७२ च्या शिक्षण कायद्याने स्कॉटलंडभर शाळा सक्तीच्या केल्या, त्यात गॅलिकचा उल्लेखसुद्धा नव्हता. बंदी घालावी लागली नाही, नाव न घेणं पुरलं. त्याआधी १६१६ मध्ये तर राजाच्या प्रिव्ही कौन्सिलने (सल्लागार मंडळाने) इंग्रजी रुजवा आणि ती 'रानटी' भाषा काढून टाका असं उघड लिहून ठेवलं होतं. १८९१ च्या जनगणनेत गॅलिक बोलणारे अडीच लाखांच्या आसपास होते. २०११ मध्ये सत्तावन्न हजारांच्या पुढेमागे.

पुढे हा माणूस एडिनबरात वर्षानुवर्षं प्राथमिक शाळेत शिकवत होता. कोणत्या भाषेत ते सांगायला नको. दुसऱ्या महायुद्धात लढायला नकार दिला म्हणून तुरुंगात जाऊन आलेला, कणा असलेला माणूस. एक कविता लिहायला किती वेळ लागतो विचारलं तर सिगरेटींच्या हिशेबात सांगायचा: दोन सिगरेटींची कविता.

---

उंटावरचा_शहाणा

मास्तर, इतिहास मान्य, जनगणना मान्य, सिगरेटी मान्य. पण हे तुम्ही कवितेच्या बाहेरून आणताय. लस्केंटायरचं नाव एवढंच आत आहे. कवीला १८७२ चा कायदा सांगायचा असता तर त्याने अंडी मोजली नसती.

---

अस्सल_मऱ्हाटा

हा धागा वाचून तरी जागे व्हा!!! आज गॅलिक, उद्या मराठी!!! आपली मुलं इंग्रजी शाळेत घालून इथे परक्या भाषेतल्या कवितांचं कौतुक करणाऱ्यांनी आधी स्वतःच्या घरात बघावं. धागाकर्तीची मुलगी मराठी लिहिते का?

---

क्लाइडकाठची

वाचते, हळूहळू लिहिते, आणि आजीशी भांडते मराठीत. पुढे?

---

बोरूबहाद्दर

भांडता येतंय म्हणजे भाषा सुखरूप आहे. 'परक्या भाषेतल्या कविता' वाचू नका हा सल्ला मराठी मंडळाने ज्ञानेश्वरांना दिला असता तर त्यांनाही संस्कृत गीता वाचता आली नसती.

---

संपादक_मंडळ

कृपया वैयक्तिक टिप्पणी टाळावी. शाळेच्या माध्यमावर आधीच चार धागे आहेत, तिकडे जावे.

---

कावेरीतीर

मी तंजावरचा. घरात मराठी, म्हणजे तुम्ही ऐकाल तर अर्धी तमिळ म्हणाल अशी. पूर्वज व्यंकोजीराजांच्या काळात, म्हणजे सतराव्या शतकात खाली आले असं घरात सांगतात. बृहदीश्वराच्या देवळात सरफोजीराजांनी कोरवलेला मोठा मराठी शिलालेख आहे, १८०३ चा. शाळेच्या सहलीला नेलं तेव्हा सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली, हा वाचेल म्हणून. मला देवनागरी येत नव्हती.

माझी आत्या माझ्याशी मराठीत बोलायची, मी तमिळमध्ये उत्तर द्यायचो. मला कळायचं सगळं. म्हणून मास्तरांच्या मुद्द्यावर मला थोडं वेगळं म्हणायचंय. भाषा अजिबात न कळणं आणि कळून उत्तर दुसऱ्या भाषेत देणं यात दुसरं जास्त वाईट. माझी आत्या चिडायची नाही. ती हळूहळू माझ्याशी तमिळमध्येच बोलायला लागली. एक दिवस लक्षात आलं की तिने मराठी बोलणं सोडलंय, माझ्या सोयीसाठी. जूलियाने सोडलं नाही. समोरचं पोरगं ठोंब्यासारखं बघतंय तरी ती आपली मोठ्यांदा आणि भराभर. मला ती त्यासाठी आवडली. तिच्याकडे एक पायरी खाली उतरण्याची सवय नव्हती.

तेव्हा 'खंत' वगैरे मला दिसत नाही. मला तिचा आवाज दिसतो.

(मराठी मी पुढे कामानिमित्त पुण्यात राहून शिकलो, चुका असल्यास सांभाळून घ्या.)

---

रानजाई

कावेरीतीर, चुका नाहीतच, आणि प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत मोलाचा.

तुमच्यामुळे एक सुचलं. मकेगचा जवळचा मित्र सोर्ली मक्लेन. दोघांचा जन्म एका वर्षाच्या अंतराने, दोघेही १९९६ मध्येच गेले. सोर्ली रासे बेटावरचा, घरातच गॅलिक, आणि त्याने कविता गॅलिकमध्येच लिहिल्या. त्याची 'हालेग' ही कविता (१९५४) अशाच एका उठवलेल्या गावाबद्दल आहे, पण तिथे सगळं गाव परत येतं, मेलेल्या मुली बर्चची झाडं होऊन रांगेने चालत येतात. त्याच्याकडे भाषा होती, म्हणून त्याला आख्खं गाव बोलावता आलं. मकेगला एकच बाई बोलावता येते, आणि तीही लांबून ओरडते. जवळ येतच नाही.

---

खाडीपलीकडे

रानजाई, हे फार नेमकं. आणि म्हणूनच ते 'ती म्हणजे बादल्या' कडवं मला कवितेचा गाभा वाटतं. बघा, तिथे 'सारखी' नाही, 'जशी' नाही. ती बादल्यांसारखी होती असं तो म्हणत नाही, ती बादल्याच होती. एरवी आपण माणसाची आठवण सांगताना काय सांगतो? "आजी नेहमी म्हणायची की..." आजीचं बोलणं सांगतो. याच्याकडे मावशीचं एकही वाक्य नाही, कारण कळलंच नव्हतं. मग उरतं काय? तिच्या हातातल्या वस्तू आणि तिच्या आजूबाजूचे आवाज. बादलीत पाणी उसळण्याचा आवाज, वाऱ्याचा आवाज, रातकिडे, समुद्रपक्षी. कविता कानांनी भरलेली आहे आणि त्यात कळणारा शब्द एक नाही.

उंटावरचा_शहाणा, तुम्ही म्हणता अंडी का मोजली. अंडीच मोजता आली म्हणून.

---

उंटावरचा_शहाणा

हे पटण्यासारखं आहे. पण हे 'माणूस निसटलं' झालं, 'वारसा निसटला' नव्हे. माझी तक्रार त्या मोठ्या शब्दाबद्दल होती आणि आहे. जूलियाला कोणी येऊन सांगितलं असतं की बाई, तू वारसा आहेस, तर तिने त्याला बादली हातात देऊन विहिरीवर पाठवलं असतं.

---

शेवग्याची_शेंग

🤣 उंटराव, याला अनुमोदन.

एक विचारू का, तो काळोख दोनदा का येतो? झोपायच्या पेटीतला आणि थडग्यातला, दोन्हीला तेच विशेषण लावलंय. मुद्दाम असणार ना?

---

माजी_मास्तर

मुद्दामच. मूळ कवितेत दोन्ही ठिकाणी 'ॲब्सोल्यूट' आहे. एका दालनाची दोन दारं आहेत ती. लहानपणी बंद लाकडी पलंगात हा होता आणि बाहेर मावशी वावरत होती. शेवटी बंद पेटीत ती आहे आणि बाहेर हा. पहिल्या काळोखात रातकिडे सलगी करत होते. चुलीच्या उबेला राहणारे घरगुती रातकिडे ते, शेतातले नव्हेत. दुसऱ्या काळोखात ते नाहीत. आणि 'गप्प झाली' असं न म्हणता 'गप्प केली गेली' असा कर्मणी प्रयोग आहे, तोही नजरेआड करू नका. तिला गप्प करणारं कोणी असेल तर मृत्यूच, पण वाचणाऱ्याच्या मनात १८७२ डोकावतोच. उंटराव, तुम्ही नाही म्हणालात तरी डोकावतो.

---

सातबारा

सद्यस्थिती सांगून टाकतो, कोणी शोकसभा भरवायच्या आधी. २०२२ च्या जनगणनेत स्कॉटलंडमध्ये गॅलिकचं काही ना काही ज्ञान असलेले सुमारे १,३०,००० लोक निघाले, आकडा वाढलाय. २००५ मध्ये गॅलिकसाठी वेगळा कायदा झाला, २०२५ च्या कायद्याने तिला अधिकृत दर्जा दिला. ग्लासगोत पूर्ण गॅलिक माध्यमाची शाळा २००६ पासून आहे. २०१९ मध्ये डुओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या ॲपवर आली तर जगभरातून लाखो लोक तुटून पडले.

पण बेटांवर मात्र उलटं चाललंय, आउटर हेब्रिडीजमध्ये प्रमाण घसरतंय. शहरात शिकणारे वाढतात, घरात बोलणारे कमी होतात. मोठ्यांदा आणि भराभर बोलणारे तर फारच कमी उरणार.

---

कावेरीतीर

शेवटच्या वाक्याला +१. शिकलेला माणूस हळू आणि शुद्ध बोलतो. माझंच बघा.

---

क्लाइडकाठची

मूळ प्रश्नावर येऊ का परत? काल लेकीला हा आख्खा धागा वाचून दाखवला (मास्तर, तिला तुमचा क्रमाचा मुद्दा फार आवडला, "हे कोणी आधी का नाही सांगितलं" म्हणाली). तिचं म्हणणं दोघांपेक्षा वेगळं आहे. ती म्हणाली, आई, कवितेत गॅलिकचा एक तरी शब्द आहे का?

मी पुन्हा वाचून बघितली. नाही. गावाचं नाव सोडलं तर एकही नाही. त्याला नंतर थोडंफार येत होतं, एखादा शब्द टाकता आला असता. नाही टाकला. कवितेची सुरुवात ती गॅलिक बोलायची इथून होते आणि शेवटपर्यंत ती इंग्रजीतच वर्णन केली जाते. लेक म्हणते, मी जूलिया असते तर याच्यावरच चिडले असते: अजूनही माझं तू मला बोलू देत नाहीस.

---

रानजाई

अरे बापरे. पोरीचे मार्क कोणी कापले होते का? कापले असतील तर परत द्या.

पण तरी मला वाटतं तो शब्द न टाकणं हाच प्रामाणिकपणा आहे. दोन-चार उसने शब्द पेरून 'बघा मी गॅल (गॅलिक माणूस) आहे' असं मिरवणारे कवी कमी नाहीत. याने सांगितलं, मला नव्हतं येत, आणि तसंच ठेवलं.

---

माजी_मास्तर

दोन्ही खरं. म्हणजे प्रश्न तिचे, शब्द त्याचे, आणि रागाची मालकी सामायिक. सातबारा, हा फेरफार कसा नोंदवायचा?

---

सातबारा

सामायिक खातं, वाटणी प्रलंबित. दोन्ही पक्षकार गैरहजर.

---

बोरूबहाद्दर

एक पक्षकार हजर आहे, शंभर यार्डांवरून ओरडते आहे, तलाठी ऐकत नाही.

---

चिकूवाडी

उशिरा आले. सगळं वाचलं, पण मूळ कविता वाचली नाहीये. कुठे मिळेल? आणि अजून कुठल्या वाचाव्यात?

---

क्लाइडकाठची

मकेगचा समग्र कवितासंग्रह आहे, ही कविता आधी १९६८ च्या 'रिंग्ज ऑन अ ट्री' मध्ये आली होती. एडिनबराला आलीस तर स्कॉटिश पोएट्री लायब्ररीत जा, छोटीशी आहे, कोणी हाकलत नाही. हिच्या जोडीला 'व्हिजिटिंग अवर' वाच, इस्पितळात भेटायला गेलेल्या माणसाची. तिथेही समोरच्याशी बोलता येत नाही, पण कारण वेगळं. 'मेमोरियल' एकटी असताना वाचू नकोस.

---

उंटावरचा_शहाणा

वाचली मी आता, नीट, दोनदा. मत तेच. फक्त काकूला फोन केला. ती म्हणाली, एवढ्या दिवसांनी बरा आठवला, आणि मग पाऊण तास मोठ्यांदा आणि भराभर.